दात गेला, ब्रिज बसवायचा आहे: आधाराच्या दातांपासून निगेपर्यंतचे सविस्तर मार्गदर्शन

प्रौढ माणसाच्या तोंडातून सर्वांत जास्त वेळा जाणाऱ्या दातांमध्ये खालच्या जबड्यातली पहिली मोठी दाढ असते, आणि त्याचे एक कारण तिच्या उगवण्यातच आहे. ही दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्यासाठी दुधाचा एकही दात पडत नाही, त्यामुळे घरातल्यांना तीही दुधाचीच वाटते. ती किडली तरी "पडेल आणि नवी येईल" असे म्हणत वर्षे निघून जातात आणि पुढे पंचविशी-तिशीत, कित्येक रात्री ठणका सोसल्यावर, ती काढून टाकावी लागते. दाढ निघाली की दुखणे थांबते, रिकामी जागा हसताना दिसत नाही आणि विषय तिथेच संपल्यासारखा वाटतो.

तोंडात मात्र तो संपलेला नसतो. मागची दाढ हळूहळू रिकाम्या जागेकडे कलू लागते, पुढची उपदाढ मागे सरकते आणि वरच्या जबड्यातल्या दाढेला चावायला समोर काहीच न उरल्याने ती खाली उतरू लागते. सरकलेल्या दातांमध्ये फटी पडतात, फटींत भाजीचे धागे आणि भाकरीचे कण अडकतात, तिथली हिरडी सुजते आणि शेजारच्या दातांना कडेने कीड लागते. ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, हरभरे असे चावून खाण्याचे अन्न ज्यांच्या रोजच्या ताटात आहे, त्यांना सगळा भार एकाच बाजूवर टाकावा लागतो आणि काही वर्षांनी ती बाजूही कुरकुरू लागते. दात गेल्यावर तो भरून काढण्याचा विचार वेळेत करावा, तो यासाठी.

हा विचार करताना बहुतेक जण रिकाम्या जागेकडे पाहतात. नवा दात कसा दिसेल, किती दिवसांत बसेल, किती पैसे पडतील, हेच आधी विचारले जाते. माझे सांगणे असे आहे की ब्रिजचा, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवायच्या पक्क्या दाताचा, निर्णय रिकाम्या जागेवरून करू नये. तो तिच्या दोन्ही बाजूंच्या दातांवरून करावा. आपल्याकडच्या माळवदाच्या घरात तुळई कितीही जाड सागवानी असली तरी ती ज्या भिंतींवर टेकते त्या खचल्या तर छत राहत नाही. ब्रिजचेही तसेच आहे. पुढची प्रत्येक पायरी हीच गोष्ट धरून लिहिली आहे.

ब्रिजमध्ये नेमके काय असते

एक दात गेला असेल तर नेहमीचा ब्रिज तीन भागांचा असतो. दोन्ही बाजूंचे दात तासून लहान केले जातात आणि त्यांच्यावर दोन कॅप बसतात. हे झाले आधाराचे दात. या दोन कॅपना मध्ये एक कृत्रिम दात जोडलेला असतो. त्याला मूळ नसते, तो हिरडीवर नुसता अलगद टेकतो. तिन्ही भाग प्रयोगशाळेत एकसंध तयार होतात आणि सिमेंटने कायमचे चिकटवले जातात. कवळीप्रमाणे ब्रिज काढता-घालता येत नाही, आणि हाच लोकांना त्याचा सर्वांत मोठा फायदा वाटतो.

फायद्याबरोबर किंमतही समजून घ्यावी. पूर्ण कॅपसाठी दाताच्या हिरडीवर दिसणाऱ्या भागाचा निम्म्याहून अधिक अंश तासला जातो. चावण्याच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर आणि कडेने एक ते दीड मिलिमीटर एवढी जागा सिरॅमिकच्या कॅपला लागते. तासलेला दात पुन्हा वाढत नाही. म्हणजे एक दात भरून काढण्यासाठी आपण दुसरे दोन दात कायमचे बदलून घेत असतो. ते दोन दात आधीच रूट कॅनाल (आतली नस काढून पोकळी भरणे) झालेले किंवा मोठ्या भरावाचे असतील आणि त्यांना एरवीही कॅप लागणारच असेल, तर ब्रिज हा अगदी योग्य उपाय ठरतो. दोन्ही दात पूर्ण निरोगी, कधीही न भरलेले असतील, तर मात्र हाडात स्क्रू बसवून त्यावर दात उभा करण्याची पद्धत, म्हणजे इम्प्लांट, आधी विचारात घ्यावी. इम्प्लांट हाडात धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात आणि हाड पुरेसे असावे लागते. तंबाखू किंवा धूम्रपान चालू असेल अथवा साखर आटोक्यात नसेल, तर ते न धरण्याचा धोका वाढतो. काढ-घाल करायचे दात स्वस्त असतात आणि त्यांसाठी शेजारचे दात जवळजवळ तासावे लागत नाहीत. पण ते हलतात, त्यांच्याखाली अन्न जाते आणि अनेकांना त्यांची सवय होत नाही.

काही जागा भरायची गरजच नसते, हेही सांगितले पाहिजे. अक्कलदाढ गेली असेल तर ती जागा भरत नाहीत. सर्वांत मागची दुसरी दाढ गेली असेल, समोरचा दातही नसेल आणि चावणे व्यवस्थित चालत असेल, तर तसेच राहू देऊन दर सहा महिन्यांनी तपासणी करणे हा पूर्णपणे मान्य असलेला पर्याय आहे. वयाच्या अठरा-वीस वर्षांच्या आत नेहमीचा ब्रिज शक्यतो टाळतात, कारण त्या वयात दाताच्या आतली नसेची पोकळी मोठी असते आणि तासताना तिला इजा होण्याची शक्यता अधिक असते.

पहिली पायरी: आधाराच्या दातांची परीक्षा

ही पायरी घाईने उरकली तर पुढचे सगळे काम कच्च्या पायावर उभे राहते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

दात काढल्यानंतर हिरडी आणि हाड बसायला वेळ लागतो. कायमचा ब्रिज साधारणपणे दोन ते तीन महिन्यांनी करतात. त्याआधी केला तर हिरडी पुढे आक्रसते आणि कृत्रिम दाताखाली फट पडते. समोरचा दात गेला असेल आणि तोंड दाखवायची पंचाईत होत असेल, तर या मधल्या काळासाठी तात्पुरता दात करून मिळतो. तो आवर्जून मागावा.

तपासणीत डॉक्टर आधाराच्या प्रत्येक दाताचा छोटा एक्स-रे काढतात. त्यात तीन गोष्टी पाहायच्या असतात: मुळाच्या टोकाशी काळा डाग, म्हणजे जुना जंतुसंसर्ग, आहे का, भरावाखाली कीड लपली आहे का, आणि मूळ हाडात किती खोल आहे. हाडात रुतलेली मुळाची लांबी निदान हाडाबाहेरच्या भागाइतकी तरी हवी, त्याहून जास्त असल्यास उत्तम. एक्स-रे आपल्यालाही दाखवायला सांगावा. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवले की हाडाची रेषा कुठवर आहे हे कोणालाही कळते.

त्यानंतर बोथट टोकाच्या, मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक सळईने हिरडी आणि दात यांमधली खोली मोजली जाते. एक ते तीन मिलिमीटर खोली ठीक असते. चार-पाच मिलिमीटर भरली किंवा मोजताना रक्त आले, तर आधी दात साफ करून हिरडीचा उपचार करावा लागतो आणि हिरडी सुधारेपर्यंत काही आठवडे थांबावे लागते. बोटाने हलवल्यावर स्पष्ट हलणारा दात आधाराला घेऊ नये. मशेरी किंवा तंबाखू-चुना वर्षानुवर्षे लावणाऱ्यांच्या बाबतीत ही तपासणी फार महत्त्वाची असते, कारण त्यांच्या बाबतीत आतून हाड झिजत असूनही वरून सगळे ठीक दिसू शकते.

किती दातांना किती आधार लागतो, याचा एक जुना ठोकताळा आहे. इर्विन अँटे या दंतवैद्याने तो १९२६ मध्ये मांडला: आधाराच्या दातांच्या मुळांचे एकूण क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांच्या क्षेत्रफळाइतके किंवा त्याहून अधिक असावे. आजचे तज्ज्ञ तो अगदी काटेकोर नियम मानत नाहीत, पण अंदाजासाठी तो उपयोगी आहे. खालची पहिली दाढ गेली असेल तर पुढची उपदाढ आणि मागची दुसरी दाढ मिळून तिचा भार पेलतात. खालचे पुढचे चार दात गेले असतील तर दोन्ही सुळे पेलतात, कारण सुळ्याचे मूळ लांब असते. शेजारशेजारच्या दोन मोठ्या दाढा गेल्या असतील आणि मागे नुसती अक्कलदाढ उरली असेल, तर ब्रिजचा आग्रह धरू नये. वरचा सुळा गेल्यावरही ब्रिज अवघड होतो; तो जबड्याच्या वळणावर असल्याने तिथे आडवा ताण जास्त येतो.

रूट कॅनाल झालेला दात आधाराला चालतो, पण त्याच्या स्वतःच्या भिंती हिरडीच्या वर सभोवार दीड-दोन मिलिमीटर तरी शिल्लक हव्यात. भराव कितीही मोठा केला तरी तो दाताची जागा घेत नाही. जुना रूट कॅनाल असेल तर तो नीट झाला आहे याची एक्स-रेवरून खात्री करून मगच त्यावर ब्रिज बांधावा. नाहीतर पुढे दुखू लागल्यावर नव्या ब्रिजलाच भोक पाडावे लागते.

आपल्या मराठवाड्याशी संबंधित आणखी एक मुद्दा आहे. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटसारख्या तालुक्यांत आणि बीड जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालावे, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी बालपणी पिण्यात आले की दातांवर पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग उमटतात. अशा दातांवर आम्ल लावून चिकटवण्याच्या पद्धतीची पकड कमी पडू शकते. शिवाय नव्या दाताचा रंग शेजाऱ्यांशी जुळवणे अवघड जाते. आपले बालपण अशा गावात गेले असेल तर पहिल्याच भेटीत तसे सांगावे.

आजार आणि औषधे लपवू नयेत. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून तिचा कागद सोबत न्यावा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयाची झडप बदललेली असल्यास उपचाराआधी प्रतिजैविक घ्यावे लागू शकते. गरोदरपणात तातडी नसलेले हे काम बाळंतपणानंतर करावे. खोटे दागिने घातल्यावर अंगावर पुरळ उठत असेल, तर तेही सांगावे, कारण अनेक धातूंच्या ब्रिजमध्ये निकेल असते.

दुसरी पायरी: प्रकार आणि साहित्य ठरवणे

दोन्ही बाजूंनी आधार घेतलेला ब्रिज सर्वांत जास्त वापरला जातो, आणि टिकाऊपणाचा सर्वांत मोठा अनुभवही त्याचाच आहे. एकाच बाजूला आधार देऊन दुसरी बाजू मोकळी ठेवलेला ब्रिज पुढच्या एखाद्या लहान दातासाठी ठीक असतो; दाढेच्या जागी तो करू नये, कारण चावताना मोकळ्या टोकावर जोर येऊन आधाराचा दात उचकटला जातो. तिसरा प्रकार मेरीलँड ब्रिजचा. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात विकसित झालेल्या पद्धतीवरून त्याला हे नाव पडले. यात शेजारचे दात जवळजवळ न तासता त्यांच्या मागच्या बाजूला पातळ पंख चिकटवतात. पुढचा एक दात गेलेल्या तरुण मुला-मुलींसाठी तो फार चांगला आहे. तो कधीतरी सुटतो, पण सुटल्यावर दातांचे नुकसान सहसा झालेले नसते आणि पुन्हा चिकटवता येतो.

साहित्यात मुख्य निवड तिघांतून असते. निव्वळ धातूचा ब्रिज सर्वांत कमी तासून बसतो आणि सहसा तुटत नाही, पण रंगामुळे लोकांना नको असतो. मागच्या दाढेसाठी पैसे वाचवायचे असतील तर माझ्या मते त्याचा मोकळ्या मनाने विचार करावा. धातूवर सिरॅमिक चढवलेला ब्रिज अनेक दशकांपासून वापरात आहे आणि भरवशाचा आहे. त्याचे दोन दोष म्हणजे वरचे सिरॅमिक कधीकधी टवका उडून निघते आणि हिरडी सरकल्यावर कडेला धातूची काळपट रेघ दिसू शकते. झिरकोनिया धातूविरहित, भक्कम आणि दाताच्या रंगाचा असतो. त्याचा खर्च जास्त असतो. जाहिरातीत "लाइफटाइम गॅरंटी" लिहिलेली असली तरी ती झिरकोनियाच्या तुटण्याविषयी असते. ब्रिज बहुतेक वेळा तुटून वाया जात नाही, खालचा आधाराचा दात किडून वाया जातो, आणि त्याची हमी कोणतेही कार्ड देत नाही.

खर्चाचा हिशेब समजून घ्यावा. ब्रिजचा दर एका युनिटमागे, म्हणजे प्रत्येक कॅप किंवा कृत्रिम दातामागे, सांगतात आणि एक दात गेलेला असला तरी युनिटे तीन असतात. त्यात रूट कॅनाल, भराव, दातांची सफाई आणि तात्पुरता ब्रिज धरला आहे की नाही, हे आधीच विचारून कागदावर लिहून घ्यावे.

उपचार कुठे घ्यावा

बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, झालेले नोंदणीकृत दंतवैद्य साधा ब्रिज करतात. गुंतागुंतीच्या कामासाठी कृत्रिम दंतशास्त्रात एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर पदवी, केलेल्या तज्ज्ञाकडे जावे. छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. लातूर, नांदेड आणि परभणी इथेही दंत महाविद्यालये आहेत. महाविद्यालयात विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे खर्च कमी येतो आणि प्रत्येक टप्पा तपासला जातो; मात्र खेपा जास्त होतात. महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, हे ध्यानात घेतले तर तालुक्याच्या गावाहून चार-पाच खेपा करणेही आवाक्यात येते.

आठवडी बाजारात किंवा रस्त्याकडेला टेबल मांडून "एका दिवसात फिक्स दात" बसवणाऱ्यांपासून कटाक्षाने दूर राहावे. ते तयार प्लास्टिकचा दात तारेने किंवा जागेवरच घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या लगद्याने शेजारच्या दातांना चिकटवून देतात. तो लगदा हिरडीवर पसरतो, त्याखाली ब्रश जाऊ शकत नाही, हिरडी सडते आणि थोड्याच काळात शेजारचे निरोगी दातही हलू लागतात. भारतात कायद्यानुसार दंतवैद्याला राज्य दंत परिषदेत नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष काम

कामाच्या दिवशी जेवून आणि नेहमीची औषधे घेऊन जावे. दात तासण्याआधीच रंग ठरवून घ्यावा, कारण तोंड बराच वेळ उघडे राहिले की दात कोरडे पडतात आणि असतात त्याहून पांढरे दिसतात. रंगपट्टीवर साधारण सोळा छटा असतात. ए गटातल्या छटा तांबूस-तपकिरी, बी गटातल्या पिवळसर आणि सी गटातल्या करड्या असतात. खुर्चीवरच्या दिव्याखाली ठरवलेली छटा घरी गेल्यावर वेगळी वाटते, म्हणून दिवसाउजेडी, खिडकीजवळ उभे राहून, ओठांना काही न लावता पाहावी, आणि सोबत आलेल्या माणसालाही पाहायला सांगावे. शेजारच्या दातापेक्षा पांढरी छटा मागण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण तोंडात एकटाच पांढरा दात लांबूनही कृत्रिम कळतो.

भूल दिल्यावर दोन्ही आधाराचे दात तासले जातात. ते एकमेकांना समांतर असावे लागतात, कारण एकसंध ब्रिज दोन्हीवर एकाच वाटेने उतरायचा असतो. म्हणूनच फार कललेली दाढ कधीकधी नाकारावी लागते, किंवा आधी तारा लावून सरळ करावी लागते. तासून झाल्यावर हिरडी थोडी बाजूला सारण्यासाठी तिच्या कडेने बारीक दोरा घालतात आणि सिलिकॉनने माप घेतात. मापाचा साचा तोंडात असताना ओकारी आल्यासारखे होत असेल तर मान किंचित पुढे झुकवून नाकाने सावकाश श्वास घ्यावा. काही ठिकाणी आता स्कॅनरने माप घेतात, तिथे हा त्रास नसतो. माप घेतल्यावर तात्पुरता ब्रिज बसवलाच पाहिजे. तो नसेल तर तासलेले दात शिवशिवतात, जागेवरून सरकतात आणि तयार होऊन आलेला ब्रिज बसत नाही. भुलीचा बधिरपणा दोन ते चार तास राहतो. तोवर खाऊ नये, गाल किंवा जीभ चावली जाते.

तात्पुरता ब्रिज काही आठवड्यांपुरताच असतो. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. असाच तात्पुरता ब्रिज घालून फडावर गेलेल्या एक ताई फाल्गुनात परतल्या, तेव्हा वरचे प्लास्टिक अर्धे फुटलेले होते, मागच्या तासलेल्या दाढेच्या जागी कडेने कुरतडल्यासारखा तपकिरी बुंधा उरला होता, आणि जी दाढ आधार होणार होती तीच काढावी लागली. तोडीला निघण्यापूर्वी कायमचा ब्रिज बसून निदान दोन आठवडे होतील असे पाहावे. तेवढा वेळ नसेल तर दातांना हातच न लावता परत आल्यावर काम सुरू करावे.

पुढच्या भेटीत आधी धातूचा सांगाडा आणि मग चकाकी चढवण्यापूर्वीचा ब्रिज तोंडात घालून पाहतात. दूरच्या प्रयोगशाळेकडून काम करून घेणारे काही जण या चाचण्या गाळतात. रुग्णाने त्या मागून घ्याव्यात. आरशात पाहताना कृत्रिम दात हिरडीत घुसलेला किंवा तिला चेपणारा नको, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक ब्रश शिरेल एवढी मोकळीक हवी. दिसायला ती जागा भरलेली बरी वाटते, पण न साफ होणारा ब्रिज टिकत नाही. मध्यभागी दाबल्यावर हिरडी पांढरी पडत असेल तर तसे लगेच सांगावे.

चिकटवण्याआधी रंगीत कागद चावायला देऊन उंची तपासतात. भूल दिलेली असेल तर उंची नीट कळत नाही, म्हणून चिकटवल्यावर दोन-तीन दिवस लक्ष ठेवावे. त्या बाजूला दात आधी टेकतो असे वाटले किंवा चावताना ठणकले, तर "सवय होईल" असे म्हणून थांबू नये. उंच राहिलेला ब्रिज आधाराच्या दाताच्या मुळाशी सूज आणतो आणि काही वेळा सिरॅमिक फोडतो. शक्य असल्यास पहिले काही दिवस तात्पुरत्या सिमेंटने बसवून पाहावे आणि मग पक्के करावे. पक्के केल्यावर २४ तास त्या बाजूने कडक व चिकट काही खाऊ नये.

चौथी पायरी: रोजची निगा

कॅपला कीड लागत नाही, हे खरे आहे. कॅप जिथे संपते तिथल्या दाताला लागते, हेही तितकेच खरे आहे. ती कड बहुतेक वेळा हिरडीला लागून असते, म्हणून ब्रशचे केस हिरडीच्या रेषेवर तिरपे टेकवून, हलक्या हाताने, सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दात घासावेत. फ्लोराइडच्या गावात राहणारे अनेक जण फ्लोराइडची पेस्ट टाळतात. लहान मुलांच्या बाबतीत ही काळजी रास्त आहे, पण दातांवरचे डाग दात जबड्यात घडत असतानाच उमटतात. मोठ्यांच्या उगवून पूर्ण झालेल्या दातांवर ते नव्याने येत नाहीत. ब्रिज असलेल्या मोठ्या माणसाने फ्लोराइडची पेस्ट अवश्य वापरावी आणि नंतर ती थुंकून टाकावी. राखुंडी, मशेरी आणि विटेची पूड बंद करावी. त्यांनी हिरडी सरकते आणि मुळाचा मऊ भाग उघडा पडतो.

कृत्रिम दाताखालची जागा ब्रशने कधीच साफ होत नाही. तिच्यासाठी औषधांच्या दुकानात सुपरफ्लॉस नावाचा खास धागा मिळतो. त्याचे एक टोक ताठ असते, मधला भाग फुगीर असतो आणि उरलेला साधा असतो. आरशासमोर उभे राहून ताठ टोक गालाच्या बाजूने, आधाराचा दात आणि कृत्रिम दात यांच्या मधल्या फटीत घालावे आणि जिभेच्या बाजूने ओढून घ्यावे. फुगीर भाग कृत्रिम दाताच्या पोटाखाली आला की दोन्ही हातांनी मागेपुढे सात-आठ वेळा फिरवावा, मग एका आधाराच्या दाताच्या अंगाला लावून वरखाली करावा, नंतर दुसऱ्याच्या. सुरुवातीला थोडे रक्त येते आणि धाग्याला वास येतो. आठवडाभर नेमाने केल्यावर दोन्ही थांबतात. थांबले नाहीत तर तपासून घ्यावे. सुपरफ्लॉस मिळाला नाही तर प्लास्टिकच्या सुईत साधा फ्लॉस ओवून हेच करता येते. बोटांत तेवढी पकड न राहिलेल्या वृद्धांसाठी दातांच्या फटीत फिरवायचा बारीक ब्रश अधिक सोयीचा पडतो. त्याचा आकार दंतवैद्याकडूनच ठरवून घ्यावा, फार जाड ब्रश जबरदस्तीने घुसवू नये.

खाण्याचे पथ्य फार नाही. भाकरी, मटकी, भाजलेल्या शेंगा खुशाल खाव्यात. ब्रिजच्या दातांनी ऊस सोलू नये, सुपारी आणि खारीक फोडू नये, बाटलीचे झाकण उघडू नये. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री दातांवर घालायची पट्टी करून घ्यावी, नाहीतर सिरॅमिकचे टवके उडतात.

धोक्याच्या खुणा

चांगला केलेला, दोन्ही बाजूंना आधार असलेला ब्रिज दहा वर्षांनंतर साधारणपणे दहापैकी नऊ जणांच्या तोंडात शाबूत असतो. नीट निगा राखणाऱ्यांकडे तो पंधरा-वीस वर्षेही टिकतो. ज्यांचा जातो त्यांच्या बाबतीत एक प्रकार फसवा असतो. एका आधारावरचे सिमेंट विरघळते, पण दुसरा आधार घट्ट असल्यामुळे ब्रिज पडत नाही. चावताना तो सुटलेल्या बाजूला किंचित उचलला जातो, लाळ आत-बाहेर होते आणि कॅपच्या आत कीड वाढत जाते. रूट कॅनाल झालेल्या दातात तर ते दुखतही नाही. खारट-कुबट चव येणे, त्या बाजूला वास येणे, चावताना बारीक चुकचुक आवाज होणे या याच्या खुणा आहेत. ब्रिजच्या कडेला थुंकीचा थर राहू देऊन बोटाने दाबल्यावर बुडबुडे आले, तर सिमेंट गेले आहे असे समजून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.

ब्रिज निघून हातात आला तर तो धुऊन डबीत ठेवावा आणि दोन-चार दिवसांत घेऊन जावे. घरातल्या झटपट चिकटणाऱ्या डिंकाने तो बसवू नये; तो वाकडा बसतो, दाताला इजा होते आणि नंतर नीट काढता येत नाही. खालचे दात चांगले असतील तर तोच ब्रिज पुन्हा चिकटवता येतो. ब्रिज गिळला गेला तर बहुधा शौचावाटे पडून जातो, मात्र खोकला किंवा धाप लागली तर तो श्वासनलिकेत गेला असण्याची शक्यता धरून तातडीने रुग्णालय गाठावे.

काही दुखत नसले तरी दर सहा महिन्यांनी तपासणी करावी, आणि आधाराच्या दातांचा एक्स-रे एक-दोन वर्षांनी काढून आधीच्या एक्स-रेशी ताडून पाहावा. त्यासाठी जुना एक्स-रे आणि दवाखान्याचा कागद घरात जपून ठेवावा. त्या कागदावर दाताचा क्रमांक, ब्रिज कशाचा आहे, रंगाची छटा, कोणते सिमेंट वापरले आणि बसवल्याची तारीख एवढे लिहून घेतलेले असले, तर पुढे गाव किंवा डॉक्टर बदलला तरी नव्या दंतवैद्याला कुठून सुरुवात करायची ते कळते.